शब्दांचं राज्य : फ्रेंच राज्यक्रांतीनंतरची राजकीय भाषा



आजचा विषय म्हणजे क्रांतीनंतर समाज कसा बोलतो. क्रांती कशी होते यावर आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं आहे. पण तख्त उलथल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, राज्य करणाऱ्यांना काय म्हणतात, विरोध करणाऱ्याला काय म्हणतात, याकडे आपलं लक्ष कमी जातं. माझं म्हणणं असं आहे की त्या दुसऱ्या दिवसाच्या शब्दांमध्ये पुढच्या पाच-दहा वर्षांचं राजकारण बरंचसं ठरून गेलेलं असतं. त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे, १७८९ ते १७९९ या दहा वर्षांतलं फ्रान्स. कारण तिथल्या लोकांना स्वतःलाच हे ठाऊक होतं. आपण शब्द बदलतो आहोत आणि शब्द आपल्याला बदलताहेत, यावर ते भर सभागृहात वाद घालत होते.

सुरुवात 'क्रांती' या शब्दापासूनच करू. फ्रेंच किंवा इंग्रजीत जो 'रेव्होल्यूशन' शब्द आहे तो मूळचा आकाशातला. कोपर्निकसच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या नावात तो आहे, आणि तिथे त्याचा अर्थ ग्रहगोलांचं फिरणं, फिरून पुन्हा जागेवर येणं. म्हणजे नवं काही घडणं नव्हेच! गंमत बघा, आपला 'क्रांती' शब्दही आकाशातलाच आहे. पंचांग बघणाऱ्यांना 'क्रांतिवृत्त' ठाऊक असतं, सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग. दोन्हीकडे हा शब्द वरून खाली, माणसांच्या जगात उतरला. जुनं परत येणं हा अर्थ मागे पडला आणि जुनं परत येऊच न देणं हा अर्थ पुढे आला. एका शब्दाचा अर्थ असा उलटा होतो तेव्हा समजावं की समाजात काहीतरी मोठं हललेलं आहे.

नाव काय ठेवायचं?

५ मे १७८९ रोजी व्हर्सायला राजानं एस्टेट्स-जनरल ही सभा बोलावली. तिचे तीन वर्ग होते. पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदारांचा आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. जानेवारीतच आबे सिएस यानं एक पुस्तिका काढून विचारलं होतं की हा तिसरा वर्ग म्हणजे नेमकं काय, आणि उत्तर दिलं होतं की तोच सर्वस्व आहे. सभा भरली आणि महिनाभर एका मुद्द्यावर अडून राहिली, मतदान वर्गवार करायचं की डोकी मोजून.

जूनच्या मध्यावर तिसऱ्या वर्गानं ठरवलं की आता आपण स्वतःचं काम सुरू करायचं. मग प्रश्न आला, आपण स्वतःला म्हणायचं काय? तुम्हाला वाटेल, देश दिवाळखोरीत आहे, पाव महागलेला आहे आणि ही मंडळी नामकरण काय करत बसली आहेत! पण तीन दिवस याच्यावर वाद झाला. मूनिए नावाच्या सभासदानं एक लांबलचक, कायदेशीर नाव सुचवलं. त्याचा मथितार्थ असा की लहान गट गैरहजर असताना काम करणारी, राष्ट्राच्या मोठ्या भागाच्या प्रतिनिधींची सभा. अगदी बिनचूक नाव. पण असल्या नावाचा जयजयकार कोण करणार?

मिराबोनं सुचवलं, 'फ्रेंच लोकांचे प्रतिनिधी' म्हणा. त्याचा शब्द होता 'पप्ल', म्हणजे लोक, जनता. लगेच वकील सभासदांनी विचारलं की या 'लोक'चा अर्थ कुठला घ्यायचा? लॅटिनमधला 'पोप्युलस', म्हणजे सगळी प्रजा, की 'प्लेब्स', म्हणजे खालचा वर्ग, सामान्य गर्दी? आपल्याकडे रयत, प्रजा, लोक, जनता या शब्दांमध्ये जसे वेगवेगळे वास आहेत, तसाच हा प्रकार. मिराबोचं उत्तर मोठं चतुर होतं. तो म्हणाला, या शब्दाला तुच्छ मानलं जातं म्हणूनच तर मला तो हवा आहे. पण सभागृहाला तो पटला नाही. १७ जून रोजी नाव ठरलं, 'राष्ट्रीय सभा'.

हे सुटसुटीत नाव घेतल्याबरोबर काय झालं ते पाहा. कालपर्यंत जो तीनातला एक वर्ग होता तो आज 'राष्ट्र' झाला. मग जे बाहेर राहिले, ते सरदार आणि धर्मगुरू, ते कोण? मूनिएच्या अवजड नावात त्यांना जागा होती, 'गैरहजर असलेला लहान गट' म्हणून. नव्या नावात त्यांना जागाच नव्हती. राष्ट्रात या, नाहीतर राष्ट्राबाहेर राहा. एका रक्ताच्या थेंबाशिवाय झालेली ही क्रांती होती, बास्तीय पडायच्या जवळजवळ महिनाभर आधी. पण पुढे जे व्हायचं होतं त्याचं बी त्याच शब्दात पडलेलं होतं. ते आपण पुढे पाहूच.

हाक आणि हक्क

यानंतर शब्दांची रांगच लागली. २६ ऑगस्ट १७८९ला सतरा कलमांचा मानवी आणि नागरी हक्कांचा जाहीरनामा आला. १९ जून १७९० रोजी सरदारी किताब रद्द झाले. १७९१च्या राज्यघटनेत राजा 'फ्रान्सचा राजा' उरला नाही, तो 'फ्रेंचांचा राजा' झाला. फरक बारीक वाटतो. पण पहिल्यात देश ही त्याची मालमत्ता आहे, दुसऱ्यात तो माणसांनी नेमलेला कोणीतरी आहे. आणि सप्टेंबर १७९२ मध्ये राजेशाहीच गेल्यावर तो नुसता 'लुई कापे' झाला. खटल्यात त्यानं या नावाला हरकत घेतली. कापे हे माझ्या पूर्वजांचं नाव, माझं नव्हे, असं तो म्हणाला. म्हणजे मरणाच्या दारात उभा असलेला माणूस नावावरून भांडत होता. मला त्यात काही हास्यास्पद वाटत नाही. आपल्याला काय म्हणून मारलं जाणार आहे, हे त्याला नीट कळलं होतं.

त्याच सुमारास 'मस्यू' आणि 'मादाम' जाऊन 'सित्वायाँ' आणि 'सित्वायेन' आले, म्हणजे नागरिक आणि नागरिका. 'मस्यू' म्हणजे शब्दशः 'माझे धनी'. प्रत्येक हाकेत मालक आणि चाकर बसलेले. ते काढून टाकल्यावर भाजीवाली आणि न्यायाधीश एकाच हाकेचे धनी झाले. ही छोटी गोष्ट नव्हती. ज्या समाजात हाक मारण्याच्या पद्धतीवरून माणसाची जात, जमीन आणि दिवाणखान्यातली जागा कळते, त्या समाजातल्या माणसाला याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पण इथेच हाक आणि हक्क यांच्यातली फट दिसायला लागते. जाहीरनाम्यात माणसं जन्मतः समान होती. त्याच वर्षाच्या अखेरीस सभेनं नागरिकांचे दोन प्रकार केले, 'सक्रिय' आणि 'निष्क्रिय'. कल्पना पुन्हा सिएसचीच. पंचवीस वर्षांवरचा जो पुरुष तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरतो तो सक्रिय, त्याला मत. बाकीचे निष्क्रिय. घरगडी कितीही राबला तरी निष्क्रियच! दिवसभर घाम गाळणाऱ्याला निष्क्रिय आणि बसून खाणाऱ्याला सक्रिय म्हणण्याची ही किमया शब्दच करू जाणे.

आणि बायका? त्यांना हाक मिळाली, हक्क मिळाला नाही. ऑलांप द गूज या लेखिकेनं हे नेमकं पकडलं. १७९१ साली तिनं मूळ जाहीरनाम्याची सगळी कलमं घेऊन, 'पुरुष' जिथे आहे तिथे 'स्त्री' घालून, स्वतःचा सतरा कलमी जाहीरनामा लिहिला. फ्रेंचमध्ये 'माणूस' आणि 'पुरुष' या दोन्हींना एकच शब्द आहे. त्या शब्दाच्या आडोशाला उभं राहून सभागृह म्हणत होतं की आम्ही सगळ्यांबद्दल बोलतोय. तिनं फक्त विचारलं, सगळे म्हणजे कोण? ३० ऑक्टोबर १७९३ रोजी बायकांच्या राजकीय मंडळांवर बंदी आली आणि ३ नोव्हेंबरला ऑलांप द गूजचा शिरच्छेद झाला. फ्रान्समधल्या बायकांना मतदानाचा हक्क मिळाला तो १९४४ साली. 'नागरिका' ही हाक आणि नागरिकाचा हक्क यांच्यामध्ये दीडशे वर्षांचं अंतर पडलं.

तू की तुम्ही

आता एक मुद्दा असा, जो इंग्रजी श्रोत्यांना समजावून द्यावा लागतो आणि मराठी श्रोत्यांना लागत नाही. फ्रेंचमध्येही आपल्यासारखं अरे-तुरे आणि अहो-जाहो आहे. 'त्यू' म्हणजे तू, 'वू' म्हणजे तुम्ही. सरदार नोकराला 'तू' म्हणणार, नोकर सरदाराला 'तुम्ही'. ३१ ऑक्टोबर १७९३ रोजी पॅरिसमधल्या लोकमंडळांचं एक शिष्टमंडळ कन्व्हेन्शनपुढे, म्हणजे त्या वेळच्या राष्ट्रीय सभेपुढे आलं. त्यांची मागणी होती की सगळ्यांनी सगळ्यांना 'तू' म्हणावं, असा कायदाच करा. 'तुम्ही'मध्ये गर्व आहे, अंतर आहे. 'तू'मध्ये बंधुभाव आहे.

कन्व्हेन्शननं कायदा केला नाही. पण सार्वजनिक सुरक्षा समिती आपल्या पत्रव्यवहारात 'तू' लिहू लागली, आणि तेवढं पुरेसं होतं. कायदा नसतानाही 'तुम्ही' म्हणणारा माणूस संशयास्पद ठरू लागला.

यात एक मेख आहे. 'तू' दोन तऱ्हेचा असतो. आपण आईला 'तू' म्हणतो, विठ्ठलाला 'तू' म्हणतो. आणि आपल्याच गावात पाटील वेठबिगाऱ्याला 'तू' म्हणत आला. एक 'तू' जवळिकीचा, दुसरा मग्रुरीचा. समता आणायची तर सगळ्यांना 'तू'पर्यंत खाली आणायचं, की सगळ्यांना 'तुम्ही'पर्यंत वर न्यायचं? फ्रेंच क्रांतिकारकांनी पहिला रस्ता धरला. ज्याला जन्मभर 'तू' ऐकावं लागलं त्याला सरदाराला 'तू' म्हणताना छाती भरून आली असेल, यात शंका नाही. पण आपल्याला कोणीतरी 'तुम्ही' म्हणावं ही त्याची जुनी भूक तशीच राहिली असेल. काही वर्षांत वारं फिरलं, दिवाणखान्यांतून 'वू' आणि 'मस्यू' परत आले, आणि या वेळी ते दुकानदारालाही लागू झाले. आज फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला 'मस्यू' म्हणतात. शेवटी समता आली ती वरच्या अंगानं.

बारा कोसांची भाषा

आपल्याकडे म्हणतात की दर बारा कोसांवर भाषा बदलते. फ्रान्समध्येही तेच होतं. ब्रिटनीत ब्रेटन, पूर्वेला अल्सासमध्ये जर्मन, दक्षिणेत ऑक्सितानच्या नाना बोली, पिरेनीजकडे बास्क, कॉर्सिका बेटावर इटालियन वळणाची बोली. क्रांतीचे कायदे पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये होत होते. ते या लोकांना कळणार कसे?

पहिलं उत्तर सरळ होतं, भाषांतर करा. १४ जानेवारी १७९० रोजी सभेनं ठरवलं की हुकूम प्रांतोप्रांतीच्या भाषांमध्ये उतरवून पाठवावेत. कल्पना उदार, पण काम अवघड. 'राष्ट्र', 'घटना', 'नागरिक' यांना शेतकऱ्याच्या बोलीत शब्द कुठला आणायचा? पैसा लागणार, माणसं लागणार. त्यातच आबे ग्रेग्वार या धर्मगुरूनं ऑगस्ट १७९० मध्ये ४३ प्रश्नांची एक प्रश्नावली देशभर पाठवली. तुमच्याकडे कुठली बोली चालते, तिच्यात पुस्तकं आहेत का, ती नष्ट करण्याचं महत्त्व काय, असे ते प्रश्न होते. बोलींची माहिती गोळा करायची, पण कशासाठी, हे प्रश्नातच लिहिलेलं होतं.

४ जून १७९४ रोजी ग्रेग्वारनं अहवाल मांडला. त्याच्या अंदाजानं निदान ६० लाख फ्रेंच माणसांना राष्ट्रभाषा येतच नव्हती. तितक्याच लोकांना तिच्यात सलग संभाषण करता येत नव्हतं. आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांच्या वर नव्हते. देशाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या घरात. म्हणजे ज्या 'लोकां'च्या नावानं राज्य चाललं होतं, त्यांतल्या दहातल्या नऊ जणांना त्या राज्याची भाषा धड येत नव्हती!

त्याच्या आधी, २७ जानेवारी १७९४ रोजी, बारेर यानं सुरक्षा समितीच्या वतीनं भाषण केलं होतं. त्यानं एकेका भाषेला एकेक गुन्हा वाटून दिला. अंधश्रद्धा आणि फुटीरपणा ब्रेटन बोलतो, प्रजासत्ताकाचा द्वेष जर्मन बोलतो, प्रतिक्रांती इटालियन बोलते, धर्मवेड बास्क बोलतं. हा बारेर स्वतः तार्बचा, गास्कन बोलीच्या मुलखातला. चार वर्षांत केवढा प्रवास झाला बघा. १७९० साली ब्रेटन शेतकरी असा नागरिक होता, ज्याच्यापर्यंत कायदा पोचवणं हे सरकारचं काम होतं. १७९४ साली तोच शेतकरी संशयित झाला, आणि भाषा बदलणं हे त्याचं काम ठरलं. २० जुलै १७९४च्या हुकुमानं सरकारी दस्त फ्रेंचखेरीज दुसऱ्या भाषेत करणाऱ्या अधिकाऱ्याला सहा महिन्यांची कैद सांगितली. सप्टेंबरमध्ये तो हुकूम स्थगित झाला, आणि गावोगाव नेमायचे फ्रेंच शिक्षक तर पुरेसे मिळालेच नाहीत. पण एक देश म्हणजे एक भाषा हा विचार रुजला, आणि शंभर वर्षांनी सक्तीच्या शाळांनी तो पुरा केला.

ग्रेग्वारला मात्र खलनायक करू नका. यहुद्यांना नागरिकत्व मिळावं आणि वसाहतींमधली गुलामगिरी जावी म्हणून झगडणारा हा माणूस. त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं की ज्याला कायद्याची भाषा येत नाही तो कायमचा दुसऱ्याच्या ताब्यात राहणार, गावच्या वकिलाच्या किंवा जमीनदाराच्या. हे खोटं आहे का? आपल्या कोर्टातल्या कुठल्याही गरीब अशिलाला विचारा. ग्रेग्वारला दुखणं बरोबर कळलं होतं. पण औषध म्हणून त्यानं माणसाकडून त्याच्या आईची भाषा मागितली.

विरोधाला शब्द नव्हता

आता मी आजच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. या क्रांतीकडे राष्ट्राला शब्द होता, लोकांना होता, सद्गुणाला होता, शत्रूला तर डझनभर होते. एका गोष्टीला शब्द नव्हता. प्रामाणिक विरोधाला.

'पक्ष' हा शब्द होता, पण शिवी म्हणून. पक्ष म्हणजे गट, गट म्हणजे कट. रूसोच्या विचारात समाजाची एक सार्वत्रिक इच्छा असते आणि गटबाजीनं ती बिघडते. राष्ट्र एक, त्याची इच्छा एक. मग तुम्ही वेगळं मत मांडलंत तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एकतर तुम्हाला राष्ट्राची इच्छा कळलेली नाही, किंवा कळूनही तुम्ही तिच्या विरोधात आहात. पहिला अडाणी, दुसरा गद्दार. १७ जूनला पेरलेलं बी ते हेच.

१७ सप्टेंबर १७९३ रोजी संशयितांचा कायदा आला. वागणुकीतून, संबंधांतून, बोलण्यातून किंवा लिहिण्यातून जुलमाचे पक्षपाती दिसतील त्यांना अटक. 'दिसतील' या क्रियापदावर सगळा कायदा उभा. ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या कम्यूननं संशयित ओळखायच्या खुणाच जाहीर केल्या. प्रजासत्ताकावरच्या संकटांबद्दल गूढ बोलणारे, वाईट बातम्या दुःखाचा आव आणून सांगणारे, आणि स्वातंत्र्याविरुद्ध काही केलं नसलं तरी त्याच्यासाठीही काही न करणारे. म्हणजे बोललात तरी संशयित, गप्प बसलात तरी संशयित!

एबेरचं 'पेर द्युशेन' हे पत्र त्या वेळी गाजत होतं. चूल लावणाऱ्या रांगड्या कारागिराच्या तोंडून, शिव्यांची फोडणी दिलेली भाषा. एबेर स्वतः अलाँसाँ गावच्या सोनाराचा शिकलेला मुलगा होता. पण 'लोक' म्हणजे रांगडे असं ठरल्यावर शिवी हाच प्रामाणिकपणाचा दाखला झाला. सभ्य बोलणारा तो सरदारांचा माणूस.

डिसेंबर १७९३ मध्ये कामीय देमुलाँ या पत्रकारानं आपल्या पत्रातून दयेची एक समिती नेमा, असं सुचवलं. हा बास्तीयच्या दिवसांतला बिनीचा माणूस. त्यानं रोमन जुलमी सम्राटांच्या काळाचं वर्णन अशा खुबीनं केलं की वाचणाऱ्याला संशयितांचा कायदा आठवावा. त्याच्या बाजूला शब्द होता 'दया'. पण तोवर 'मवाळ' हा शब्दही गुन्ह्याच्या यादीत जाऊन बसला होता. २४ मार्च १७९४ला जहाल म्हणून एबेर गेला, ५ एप्रिलला मवाळ म्हणून दाँताँ आणि देमुलाँ गेले. १० जूनच्या कायद्यानं 'लोकशत्रू'ची व्याख्या इतकी सैल केली की पुढच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून अधिक माणसं मारली गेली. २७ जुलैला, क्रांतीच्या पंचांगाप्रमाणे ९ थर्मिदोरला, रोबस्पिएरला सभागृहात बोलूच दिलं नाही. शब्दांवर राज्य केलेला माणूस शब्द न मिळता संपला. त्या सबंध काळात न्यायालयांनी दिलेल्या मृत्युदंडांचा आकडा सतरा हजारांच्या आसपास जातो.

मग दोष शब्दांचाच का?

इथे कोणी अडवेल, आणि अडवायलाच हवं. हे सगळं शब्दांमुळे झालं असं म्हणायचं का? नाही. एप्रिल १७९२ पासून युद्ध चालू होतं, मार्च १७९३ पासून पश्चिमेला व्हाँदेमध्ये बंड पेटलं होतं, कागदी चलन घसरत होतं, पावासाठी रांगा होत्या. फ्रान्स्वा फ्युरे या इतिहासकारानं १९७८ साली मांडलं की क्रांतीत सत्ता शब्दांकडे गेली, लोकांच्या वतीनं बोलणाऱ्याकडे गेली. त्याच्यावर टीका झाली ती हीच की तू भूक आणि युद्ध विसरलास. टीका योग्य आहे.

माझं म्हणणं यांच्या मधलं आहे. भीती युद्धानं निर्माण केली. पण ती कोणावर रोखायची हे शब्दांनी सांगितलं. उपासमारीत रागवायला भाषा लागत नाही. पण शेजाऱ्याला 'लोकशत्रू' समजायला लागते.

थर्मिदोरनंतरही हा खेळ थांबला नाही, फक्त बाजू बदलल्या. 'दहशतवादी' हा शब्द याच वेळी, १७९४ साली, रोबस्पिएरच्या माणसांसाठी तयार झाला. जगातला पहिला 'दहशतवादी' म्हणजे सरकार चालवणारा माणूस होता, हे आज किती जणांच्या लक्षात आहे? कालपर्यंत त्याच सभागृहात हात वर करणारे आज 'दहशतवादी तिकडचे' म्हणून बोट दाखवू लागले. १७९७ साली ला आर्प या साहित्यिकानं क्रांतीच्या भाषेवर पुस्तकच लिहिलं, की सगळा अनर्थ शब्दांच्या भ्रष्टतेतून झाला. हा ला आर्प आधी क्रांतीचा उत्साही भाट होता, मग तुरुंगात गेला, मग उलटला. आणि त्याच्या पुस्तकाची भाषा? तितकीच जळजळीत. १७९८ साली फ्रेंच अकादमीचा कोश निघाला. अकादमी स्वतः १७९३ मध्येच बरखास्त झालेली, पण कोश आला. आणि त्याला जोडून क्रांतीनंतर रूढ झालेल्या नव्या शब्दांची एक वेगळी पुरवणी होती. दहा वर्षांत भाषेला पुरवणी लागावी, यात सगळं आलं.

समुद्रापलीकडे

एक छोटी जोड देतो. फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत सँ-दोमँग, आजचा हैती. तिथल्या गुलामांनी 'माणसं जन्मतः समान' हे वाक्य मालकांपेक्षा गंभीरपणे घेतलं. १७९३ साली तिथल्या कमिशनरानं मुक्तीचा जाहीरनामा काढला तो फ्रेंचबरोबर क्रेओलमध्येही काढला, कारण लढणाऱ्यांची भाषा ती होती. पण १ जानेवारी १८०४ला स्वतंत्र हैतीचा जाहीरनामा लिहिला गेला फ्रेंचमध्ये. १८०५च्या घटनेनं म्हटलं की सगळे हैतीवासी 'कृष्णवर्णीय' म्हणून ओळखले जातील, आणि त्यांत नागरिकत्व दिलेले पोलिश आणि जर्मनही आले! वर्णाचा जुना शब्द घेऊन त्यांनी त्याचा नागरिकत्वाचा शब्द केला. मिराबोला 'लोक' या शब्दाचं जे करायचं होतं ते त्यांनी करून दाखवलं. पण बहुसंख्यांची क्रेओल भाषा घटनेनं फ्रेंचच्या बरोबरीनं अधिकृत मानली ती १९८७ साली. राज्य लोकांचं झालं, त्याचे कागद लोकांच्या भाषेत यायला आणखी १८३ वर्षं गेली.

आपल्यापर्यंत काय आलं

या दहा वर्षांतले काही शब्द आपल्या घरात आहेत. 'डावे' आणि 'उजवे' त्यातलेच. १७८९च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये राजाला नकाराधिकार द्यावा की नाही यावर वाद झाला तेव्हा राजाच्या बाजूचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि विरोधातले डाव्या हाताला बसू लागले. एवढ्या मोठ्या विचारसरणींची नावं बसायच्या जागेवरून पडली. मला हा शब्द त्या पिढीचा सर्वांत शहाणा शब्द वाटतो, तो ठरवून कोणी काढला नाही तरी. कारण डावीकडे बसणारा आणि उजवीकडे बसणारा दोघेही एकाच सभागृहात बसलेले असतात. त्यांच्या नावातच हे गृहीत आहे. 'लोकशत्रू' मात्र कुठल्या बाकावर बसणार?

दुसरे शब्द म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात स्पष्ट सांगितलं की माझ्या तत्त्वज्ञानातली ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धाकडून घेतली आहेत. शब्दाचं मूळ बदललं की त्याची मुळं आपल्या जमिनीत जातात, हे त्यांना पक्कं कळलं होतं. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी हेही बजावलं होतं की ही तीन तत्त्वं एकमेकांपासून तोडता येत नाहीत. फ्रान्सच्या अनुभवाशी हे ताडून पाहा. तिथे १७९३ साली भिंतींवर ही तिन्ही लिहिलेली असत, आणि पुढे जोडलेलं असे, 'किंवा मृत्यू'. मृत्यूच्या धाकानं आणलेली बंधुता ही बंधुता राहत नाही.

तिसरा शब्द फ्रान्सकडून आला नाही, तो खाडीपलीकडून आला. १८२६ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हॉबहाउस या सभासदानं जवळजवळ थट्टेत 'महाराजांचा विरोधी पक्ष' असा प्रयोग केला. सभागृह हसलं, पण शब्द टिकला. सरकारच्या विरोधात असूनही राज्याचाच असलेला माणूस. ज्या एका शब्दावाचून फ्रान्समध्ये एका पिढीची डोकी गेली, तो शेजारी एका विनोदातून जन्माला आला. आपल्या विधिमंडळात 'विरोधी पक्षनेता' हे पद आहे, त्याला शासनाच्या तिजोरीतून पगार मिळतो. सरकारला विरोध करण्याचा पगार, सरकारकडूनच! आपण याला सवयीनं साधी गोष्ट मानतो. ती साधी नाही.

म्हणून मंडळी, कुठल्याही देशात मोठी उलथापालथ झाली की मी तिथली घोषणापत्रं वाचतो, पण त्यांत राष्ट्राबद्दल काय लिहिलंय ते आधी बघत नाही. ते बहुधा सुंदरच असतं. मी शोधतो की जो यांच्याशी सहमत नाही त्याला हे काय म्हणतात. त्याला एखादं साधं, बिनविषारी नाव दिलेलं असेल, तर पुढे काही आशा आहे. आणि त्याच्यासाठी शिवीखेरीज शब्दच नसेल, तर ती शिवी आज दुसऱ्याला लागू आहे, उद्या ती लिहिणाऱ्यालाच लागू होते. एबेरला झाली, देमुलाँला झाली, रोबस्पिएरला झाली.

आता तुमचे प्रश्न घेऊ. न पटलेल्यांनी आधी विचारावेत.